ऋतुकालाची गणना : दिवस कोठून मोजावेत?

स्त्रीच्या ऋतुस्रावाचे दिवस मोजण्याची चाल मानवजातीत फार प्राचीन आहे. लेखनकला ज्यांना अवगत नव्हती, अशा समाजांनाही चंद्राच्या कलांवरून ही मोजणी करता येत असे. परंतु त्या मोजणीतून जे उत्तर माणसाला हवे होते ते हाती येण्यास विसाव्या शतकाची पहिली वीस-पंचवीस वर्षे उलटावी लागली. प्रश्न दिसावयास साधा होता. एका ऋतुस्रावापासून दुसऱ्यापर्यंत जे सुमारे चार आठवडे जातात, त्यांपैकी कोणत्या दिवसांत गर्भ राहू शकतो? ज्या घरात पाळणा हलला नव्हता त्या घरात हा प्रश्न एका कारणाने विचारला जाई; ज्या घरात सातवे-आठवे मूल पाळण्यात असे आणि आईच्या अंगात उभे राहण्याचे त्राण नसे, त्या घरात तोच प्रश्न अगदी उलट कारणाने विचारला जाई. दोन्ही घरांना शतकानुशतके जी उत्तरे मिळाली ती बहुतांशी चुकीची होती. त्याचे मुख्य कारण असे की, मोजणारे लोक दिवस भलत्या टोकापासून मोजीत होते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोम नगरात वैद्यकी करणारा सोरानुस हा ग्रीक वैद्य स्त्रीरोगांचा मोठा जाणकार गणला जाई. ऋतुस्राव ओसरत येतो तो काळ गर्भधारणेस सर्वांत अनुकूल, असे त्याचे मत होते. गर्भाशय म्हणजे जणू शेत. ते धुऊन निघाले की पेरणीस योग्य होते, अशा धर्तीची ही कल्पना. ती पुढे युरोपात इतकी रुजली की, चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी मानी पंथाच्या लोकांवर टीका करताना ती गृहीतच धरलेली दिसते. मूल होऊ नये म्हणून स्त्रीच्या शुद्धीनंतरचे काही दिवस पतीने दूर राहावे, असा सल्ला मानी पंथीय आपल्या अनुयायांस देत, आणि ऑगस्टीन यांचा आक्षेप त्या सल्ल्यावर होता. मानी पंथीयांची गणना शरीरशास्त्राच्या दृष्टीने फारशी खरी नव्हती, ही गोष्ट त्या वादात कोणाच्याच ध्यानी आली नाही. ती येणे शक्यही नव्हते.

आपल्याकडील शास्त्रकारांनी या बाबतीत जे लिहून ठेवले ते ताडून पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीने ऋतुकाल सोळा रात्रींचा मानला. त्यांतील पहिल्या चार रात्री वर्ज्य, तशाच अकरावी आणि तेरावीही निंद्य. उरलेल्या दहांपैकी सम रात्री पुत्रासाठी व विषम रात्री कन्येसाठी. सुश्रुतसंहितेने ऋतू बारा रात्रींचा सांगितला, आणि दिवस मावळताच कमळ मिटते तशी ऋतुकाल सरल्यावर स्त्रीची गर्भग्रहणाची शक्ती मिटते, अशी सुंदर उपमा दिली. सम-विषम रात्रींच्या कल्पनेला आधार नाही, हे उघड आहे. पण ज्या स्त्रीचे चक्र अठ्ठावीस दिवसांचे आहे, तिच्या बाबतीत पाचव्यापासून सोळाव्या रात्रीपर्यंतची ही मर्यादा आजच्या ज्ञानाशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते. युरोपातील वैद्य स्रावाच्या अगदी लगतच्या दिवसांना महत्त्व देत होते. येथे निदान खरा काळ त्या मर्यादेच्या आत सापडत होता. मात्र नेमकी गर्भसंभवाची म्हणावी अशी अकरावी आणि तेरावी रात्र धर्मशास्त्राने वगळली, हा एक विनोदच म्हणावयाचा.

महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या मराठी वस्त्यांतही, स्त्री तीन दिवस बाजूला बसे आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात घेतली जाई. 'कावळा शिवला' असे मुलांना सांगितले जाई. या रूढीचा जाच पुष्कळ होता, त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट होत असे: घरातील कोणत्या बाईची पाळी कोणत्या तिथीला आली, हे सबंध घराला ठाऊक असे. मुलीच्या प्रथम रजोदर्शनाची तिथी, वार, नक्षत्र यांची शुभाशुभ फले पंचांगात छापलेली असत. म्हणजे दिवसांची दखल होती, तिथीची आठवण होती. नव्हती ती फक्त महिन्यामागून महिने ठेवलेली नोंद. तिथी पाहिली जाई ती विटाळ आणि शकुन यांच्यापुरती. तिच्यावरून स्त्रीच्या देहात काय चालले आहे याचा अंदाज बांधावा, असे कोणाला सुचले नाही.

एकोणिसाव्या शतकात विज्ञानाने या प्रश्नाला हात घातला आणि गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. १८२७ मध्ये कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने कुत्रीच्या बीजकोशात सूक्ष्मदर्शकाखाली स्त्रीबीज प्रत्यक्ष पाहिले. सस्तन प्राण्यांतही बीज असते आणि ते बीजकोशातून सुटते, हे त्यानंतर निश्चित झाले. पण ते सुटते केव्हा? कुत्री माजावर येते त्या सुमारास तिला रक्तस्राव होतो आणि त्याच काळात तिला गर्भ राहतो. तेव्हा स्त्रीचा ऋतुस्राव म्हणजेही तिचा माज, आणि बीज सुटते ते त्याच वेळी, असे अनुमान मोठमोठ्या पंडितांनी काढले. फ्रान्समध्ये पूशे यांनी तर पाळीनंतरचे पहिले बारा दिवस गर्भसंभवाचे आणि पुढचे दिवस निर्धास्त, असा नियमच सांगितला. दोन्ही स्राव दिसण्यात सारखे असले तरी त्यांचा परस्परांशी संबंध नाही. कुत्रीचा स्राव बीज सुटण्याआधीचा, तर स्त्रीचा ऋतुस्राव सुटलेले बीज वाया गेल्यानंतरचा. हा भेद ध्यानी न आल्यामुळे त्या काळच्या डॉक्टरांनी महिन्याच्या मध्यास 'निर्धास्त' ठरविले. सल्ला विचारणाऱ्या जोडप्यांना ते सर्वांत जोखमीच्या दिवसांकडेच बोट दाखवीत होते. त्या सल्ल्यावर विसंबून जी मुले जन्मास आली, त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

याच काळात एका स्त्री डॉक्टरने केलेले काम, पुढे फार उपयोगी पडूनही, बराच काळ दुर्लक्षित राहिले. अमेरिकेतील मेरी पटनम जॅकोबी यांनी १८७६ मध्ये एक निबंध लिहिला. पाळीच्या दिवसांत स्त्रीने सक्तीची विश्रांती घेतली पाहिजे आणि म्हणून तिला उच्च शिक्षण झेपणार नाही, असे त्या वेळी काही डॉक्टर म्हणत. त्याचा प्रतिवाद त्यांना करावयाचा होता. त्यासाठी त्यांनी स्त्रियांच्या नाडीची, शक्तीची आणि तापमानाची मापे घेतली. पाळी येण्यापूर्वीच्या दिवसांत तापमान किंचित चढलेले असते आणि पाळी सुरू होताच उतरते, असे त्यांना आढळले. जॅकोबी ज्या पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८६४ मध्ये पदवीधर झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या. आणि आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. तापमान का चढते याचे उत्तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हान दे व्हेल्दे या डच डॉक्टरने तापमानाचे हे दोन टप्पे पुन्हा दाखवून दिले आणि त्यांचा संबंध बीजकोशाशी जोडला.

आता जपानकडे वळले पाहिजे. निइगाता हे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, भातशेतीने वेढलेले बंदर. तेथील ताकेयामा रुग्णालयात १९१२ मध्ये क्यूसाकू ओगिनो नावाचे तिशीतले डॉक्टर रुजू झाले. त्यांचा जन्म १८८२ चा, मूळ कुटुंब नाकामुरा. ओगिनो घराण्याने त्यांना दत्तक घेतले होते. तोक्यो येथील साम्राज्य विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतलेला हा मनुष्य एखाद्या मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक होऊ शकला असता. परंतु त्यांनी सारे आयुष्य या प्रांतीय रुग्णालयात काढले, आणि तेथेच, रोजची शस्त्रक्रियेची कामे करीत, या जुन्या कोड्याची उकल केली.

त्यांच्यापाशी प्रयोगशाळेचा थाट नव्हता. होती ती ऑपरेशनच्या टेबलावर येणारी माणसे. कोणत्याही कारणाने स्त्रीचे उदर उघडावे लागले की, ओगिनो बीजकोश काळजीपूर्वक पाहत. बीज सुटून गेल्यावर त्याच्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ती गाठ अगदी ताजी आहे, जुनी आहे, की अजून तयारच झालेली नाही, यावरून बीज सुटले किंवा नाही आणि सुटले असल्यास साधारण केव्हा, हे समजते. अशी पाहणी जर्मन डॉक्टरांनीही केली होती. परंतु त्यांच्यापैकी प्रत्येकाचे उत्तर वेगळे येई. एक म्हणे बीज चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सुटते, दुसरा म्हणे अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी. सर्वांची निरीक्षणे प्रामाणिक होती, तरीही मेळ बसत नव्हता.

ओगिनो यांनी एक गोष्ट अधिक केली. शस्त्रक्रियेपूर्वीची पाळी कधी आली एवढेच विचारून ते थांबले नाहीत. शस्त्रक्रियेनंतरची पाळी कधी आली याचीही नोंद त्यांनी मिळविली. आणि मग त्यांनी दिवस पाठीमागून मोजले. तसे मोजताच विस्कळित दिसणारी निरीक्षणे एका रांगेत येऊन बसली. चक्र पंचवीस दिवसांचे असो की पस्तीस दिवसांचे, बीज सुटलेले आढळे ते पुढची पाळी येण्याच्या आधीच्या बाराव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान. पीतपिंडाचे आयुष्य ठरलेले असते. तो सुमारे दोन आठवडे टिकतो, आणि तो सुकला की ऋतुस्राव सुरू होतो. म्हणजे ऋतुस्राव हा आधी घडलेल्या बीजमोचनाचा परिणाम होय. परिणामापासून मागे मोजले तर कारण सापडते. मागच्या पाळीपासून पुढे मोजावे, तर मधला काळ कधी दहा दिवसांचा, कधी वीस दिवसांचा, कारण बीज पक्व होण्यास लागणारा वेळ प्रत्येक स्त्रीत आणि प्रत्येक महिन्यात निराळा असतो.

हा शोध ओगिनो यांनी १९२४ मध्ये जपानी भाषेत प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वैद्यकजगाला तो कळला १९३० मध्ये, जेव्हा त्यांचा लेख एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर ऑस्ट्रियातील ग्राझ येथील हेर्मान क्नाउस यांनी अगदी वेगळ्या वाटेने जवळपास तोच निष्कर्ष काढला होता. पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला असता गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, पण पीतपिंड तयार झाल्यावर ते या अर्काला दाद देत नाहीत, हे त्यांनी प्रथम सशांत आणि मग स्त्रियांत पाहिले. हा बदल कोणत्या दिवशी होतो ते पाहून बीज पुढच्या पाळीच्या आधी पंधराव्या दिवशी सुटते, असे त्यांनी ठामपणे सांगितले. ओगिनो पाच दिवसांची सवड ठेवीत होते. क्नाउस एका दिवसावर अडून बसले. काळाने कौल दिला तो ओगिनो यांच्या बाजूने. तरी युरोपातील पुस्तकांत पुष्कळदा क्नाउस यांचे नाव आधी छापले जाई.

ही गणना कशी करावयाची, ते थोडक्यात सांगणे जरूर आहे. बीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस जिवंत राहते. पुरुषबीज स्त्रीदेहात तीन दिवस टिकते, असे ओगिनो यांनी धरले होते. म्हणून बाराव्या ते सोळाव्या दिवसांच्या मागे आणखी तीन दिवस जोडून, पुढच्या पाळीच्या आधीचा एकोणिसावा ते बारावा दिवस हा गर्भसंभवाचा काळ त्यांनी ठरविला. पण पुढची पाळी तर अजून यावयाची आहे! ती कधी येणार याचा अंदाज मागच्या नोंदींवरूनच करावा लागतो. वर्षभराच्या नोंदी घ्याव्यात. सर्वांत लहान चक्रातून अठरा वजा करावेत, सर्वांत मोठ्यातून अकरा. एखाद्या स्त्रीची चक्रे सव्वीस ते एकतीस दिवसांची असतील, तर तिचा गर्भसंभवाचा काळ आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत धरावा लागेल. म्हणजे तेरा दिवस. चक्रे जितकी अनियमित, तितका हा काळ लांबत जातो. आणि ताप, प्रवास, काळजी, अंगावर पाजणे यांपैकी काहीही झाले की मागच्या नोंदी पुढच्या महिन्यास लागू पडतीलच असे नाही. या गणनेचे बळ आणि तिचे दुबळेपण दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. ती न घडलेल्या गोष्टीपासून मागे मोजते.

ओगिनो यांनी हे सारे केले ते मूल हवे असणाऱ्या स्त्रियांना साहाय्य व्हावे या हेतूने. परंतु १९३० मध्येच स्मुल्डर्स या डच कॅथलिक डॉक्टरने तोच हिशेब मूल टाळण्याच्या कामी लावून दाखविला, आणि जगभर त्या जपानी डॉक्टरचे नाव झाले ते नेमके या कारणासाठी. ओगिनो यांना ते रुचले नाही. संततिनियमनासाठी ही पद्धत पुरेशी खात्रीची नाही. याहून भरवशाचे उपाय असताना लोकांनी हिच्यावर विसंबून नको असलेली गर्भधारणा ओढवून घेऊ नये, असे ते सांगत राहिले. आपल्या शोधाच्या कीर्तीविषयी तो शोधकच साशंक असावा, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचित घडते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील त्यांची शस्त्रक्रियाही जपानात नावाजली गेली. १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते निइगातामध्येच निवर्तले.

कॅथलिक समाजात या गणनेला जे स्थान मिळाले त्यालाही काळाचा योगायोग कारण झाला. ३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकरावे पायस यांनी विवाहाविषयीचे परिपत्र काढून कृत्रिम संततिनियमनाचा निषेध केला. मात्र ज्या काळात निसर्गतःच गर्भ राहू शकत नाही त्या काळातील दांपत्यजीवनाला दोष दिला नाही. ज्या वर्षी तो काळ कोणता हे युरोपास कळले, त्याच वर्षी हे परिपत्र निघाले. पुढे २९ ऑक्टोबर १९५१ रोजी इटलीतील सुइणींपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी गंभीर कारण असल्यास जोडप्यांनी या काळाचा आधार घेण्यास हरकत नाही असे स्पष्ट केले, आणि १९६८ मधील पोप सहावे पॉल यांच्या परिपत्राने तीच भूमिका कायम ठेवली. या अवधीत किती तरी श्रद्धाळू घरांत दिनदर्शिकेवर खुणा होऊ लागल्या. काही घरांत त्या खुणा खऱ्या ठरल्या, काही घरांत ठरल्या नाहीत. आणि न ठरल्या तेव्हा त्याचा भार आईनेच वाहिला. विल्हेल्म हिलेब्रांड या जर्मन धर्मगुरूंनी आपल्या धर्मग्रामातील जोडप्यांना ही गणना शिकविली होती. ती फसलेली पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. व्हान दे व्हेल्दे यांच्या तापमानाच्या नोंदी त्यांना आठवल्या, आणि १९३५ मध्ये त्यांनी दिवसांच्या गणनेस रोज पहाटे घेतलेल्या तापमानाची जोड दिली. बीज सुटल्यावर देहाचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत चढते व पुढच्या पाळीपर्यंत चढलेलेच राहते. त्यामुळे बीज सुटून गेले, याची साक्ष त्याच महिन्यात मिळते. मात्र ही साक्ष घटना घडून गेल्यावरची असते.

मराठीत या विषयावर उघड बोलण्याचे धाडस प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. त्यांची सर्वच मते सर्वांस पटणारी नव्हती, आणि ती पटावीत असा त्यांचा आग्रहही नव्हता. वैद्यकीय माहिती मराठी वाचकाला मराठीतच मिळाली पाहिजे, हे मात्र त्यांनी सिद्ध करून दाखविले. त्यांच्याच हयातीत, १९३५ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजी संयमावाचून दुसरा मार्ग मानावयास तयार नव्हते. तथापि त्या संभाषणात महिन्यातील ठरावीक दिवस वर्ज्य करण्याच्या पद्धतीविषयी त्यांचा सूर काहीसा मवाळ झाला, कारण तीत निदान काही दिवसांचा संयम होता.

या मवाळ सुराचा परिणाम स्वातंत्र्यानंतर दिसला. केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या निकटच्या अनुयायी, आणि धर्माने ख्रिस्ती. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले, पण त्यातून करावयाचे काय, हा प्रश्न होता. त्यांच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ च्या अखेरीस न्यूयॉर्कचे डॉक्टर एब्राहम स्टोन यांना भारतात पाठविले. स्टोन स्वतः अन्य साधनांचे पुरस्कर्ते होते. परंतु सरकारला रुचेल अशी एकच पद्धत होती, आणि तिचाच प्रयोग करावयाचे ठरले. पुढच्याच वर्षी, संघटनेने अशा कामात पडू नये असा आग्रह काही कॅथलिक राष्ट्रांनी तिच्या अधिवेशनात धरला. ज्या पद्धतीवर त्यांच्या धर्माचा आक्षेप नव्हता तिच्या प्रयोगासही त्यामुळे पाठबळ उरले नाही, ही गोष्ट नमूद केली पाहिजे.

प्रयोगासाठी दोन जागा निवडल्या गेल्या. एक दिल्लीतील लोदी कॉलनी, म्हणजे सरकारी नोकरांची, बहुतांशी शिकलेल्यांची वस्ती. दुसरी म्हैसूर राज्यातील रामनगरम, रेशमाच्या कोशांच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध असलेले गाव आणि भोवतालची खेडी. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात असल्याने म्हैसूरची ही हकीकत आपल्या सीमाभागापर्यंत त्या वेळी फारशी पोचली नसावी. म्हैसूरची निवड मात्र यथायोग्य होती. संस्थानी सरकारने तेथे १९३० मध्येच संततिनियमनाची सरकारी केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला होता.

रामनगरमच्या स्त्रियांपाशी ना घड्याळ, ना दिनदर्शिका, ना अक्षरओळख. त्यांना वजाबाकी शिकविण्यापेक्षा मण्यांची माळ द्यावी, अशी युक्ती निघाली. स्त्रीच्या मागील पाळ्यांची नोंद घेऊन तिच्या चक्राच्या मानाने मणी ओवावयाचे. निर्धास्त दिवसांचे मणी हिरवे, जोखमीच्या दिवसांचे दुसऱ्या रंगाचे. पाळी आली की आरंभ करावयाचा आणि रोज एक मणी सरकवावयाचा. कल्पना चांगली होती. परंतु खेड्यातील घरात रात्री दिव्याचा उजेड तो किती? अंधारात हिरवा मणी आणि दुसरा मणी सारखाच. मग बोटांना कळावे म्हणून मण्यांचे आकार निराळे केले गेले. मणी चुकून उलट सरकू नये म्हणून अडसराची योजना झाली. तरीही अडचणी संपल्या नाहीत. कोणी मणी सरकवावयास विसरे, कोणाच्या मुलांनी माळ खेळावयास घेतली की हिशेब बुडे. कित्येकींना माळ गळ्यात घालण्याची लाज वाटे, कारण ती कशाची आहे हे साऱ्या गावाला ठाऊक झालेले. आणि काहींची अशी समजूत झाली की, मणी सरकविला म्हणजे काम झाले. माळेतच काही गुण आहे.

या शेवटच्या गोष्टीवर पुढे वर्षानुवर्षे परदेशी लेखकांनी विनोद केले. त्या विनोदात खेडवळ बाईच्या अडाणीपणाचा उल्लेख असतो. तिच्या परिस्थितीचा नसतो. दिवस वर्ज्य करणे हे तिच्या एकटीच्या हाती नव्हते. माळ तिच्या गळ्यात होती, निर्णय घरधन्याचा. शिवाय खेड्यातील तरुण विवाहित स्त्री पुष्कळदा गरोदर असे किंवा अंगावर पाजीत असे. तिला महिनेच्या महिने पाळीच येत नसे. मग मोजावयाचे ते कशापासून? जिला मूल नको होते तिलाच ही गणना सर्वांत कमी लागू पडत होती. माहिती ऐकावयास स्त्रिया पुष्कळ आल्या, पण पद्धत नेमाने पाळणाऱ्या थोड्याच निघाल्या, आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सरकारचे लक्ष अन्य उपायांकडे वळले.

भारतातील प्रयोग चालू असतानाच, १९५३ मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जॉन बिलिंग्ज या कॅथलिक डॉक्टरांनी तिसरी वाट शोधावयास आरंभ केला. बीज सुटण्याच्या अगोदरच्या दिवसांत गर्भाशयमुखाचा स्राव पातळ, निसरडा आणि तार धरणारा होतो, ही गोष्ट जुन्या वैद्यकीय ग्रंथांत नमूद होती. ती खूण स्त्रीने स्वतःच ओळखावयास शिकावे, ही बिलिंग्ज यांची सूचना. त्यांच्या पत्नी डॉक्टर एव्हलिन बिलिंग्ज यांनी ती पद्धत देशोदेशी शिकविली. ही खूण पुढच्या पाळीची वाट पाहावयास लावीत नाही, आणि बीज सुटण्यापूर्वी मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने तिची परीक्षा पाच ठिकाणी घेतली. बंगळूर हे त्यांपैकी एक. ८६९ स्त्रियांच्या त्या पाहणीचे वृत्त १९८१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. शंभरांतील नव्वदांहून अधिक स्त्रियांना पहिल्याच महिन्यात ती खूण ओळखता आली, आणि त्यांत निरक्षर स्त्रियाही होत्या. रामनगरमच्या बाईविषयी केलेल्या विनोदांचे हे उत्तर मानावयास हरकत नाही. परंतु खूण ओळखता येणे निराळे आणि ते दिवस पाळले जाणे निराळे. नियम मोडला तेथे गर्भ राहिला, हेही त्याच पाहणीत दिसून आले.

त्यानंतर मूत्रातील संप्रेरकांच्या तपासण्या निघाल्या आणि ध्वनिलहरींच्या साहाय्याने पक्व होणारी बीजपुटिका पडद्यावर दिसू लागली. १९९५ मध्ये अमेरिकेतील विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासून दाखविले की, गर्भसंभवाचे दिवस महिन्यात सहाच असतात : बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. ओगिनो यांनी पुरुषबीजाला तीन दिवसांचे आयुष्य दिले होते. ते पाच दिवसांपर्यंत वाढवावे लागले. याच मंडळींनी २००० मध्ये आणखी एक गोष्ट उघड केली. दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या दरम्यान गर्भ राहतो, असे डॉक्टर सर्रास सांगत आले. पण हे सहाही दिवस त्या मर्यादेत पडतात अशा स्त्रिया शंभरांत तीसच. मूल व्हावे म्हणून 'चौदावा दिवस' धरून बसलेल्या कित्येक जोडप्यांची निराशा का होत असेल, ते यावरून उमगते. आज भ्रमणध्वनीवर पाळीच्या तारखा टिपून ठेवण्याची सोय झाली आहे, आणि तो पुढचा दिवस रंगवून दाखवितो. केवळ तारखांवरून तो जे सांगतो ते मागच्या महिन्यांवरून केलेले अनुमानच असते.

आणि माळही परत आली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाने हजारो चक्रांच्या नोंदी तपासून एक सोपा नियम बसविला : ज्यांचे चक्र सव्वीस ते बत्तीस दिवसांचे असते, त्यांनी आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंतचे बारा दिवस गर्भसंभवाचे मानावेत. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपाइन्स या देशांत तिची परीक्षा झाली. नियम तंतोतंत पाळणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षाकाठी सुमारे पाचजणींना गर्भ राहिला. पाळण्यात कसूर झालेल्याही हिशेबात धरल्या, तर सुमारे बाराजणींना. भारतात ती माळ 'मालाचक्र' या नावाने उत्तरेकडील काही भागांत दिली गेली. तिच्यात बत्तीस मणी असतात. पहिला लाल, पाळीच्या पहिल्या दिवसाचा. पांढरे मणी गर्भसंभवाच्या दिवसांचे, तपकिरी मणी उरलेल्या दिवसांचे. रोज एक एक मणी ओलांडीत जाणारे रबराचे काळे कडे तिला बसविलेले असते. पाळी फार लवकर आली तर ते ओळखता यावे म्हणून तपकिरी मण्यांतील एक मणी अधिक गडद असतो. कडे त्या मण्यापाशी पोचण्यापूर्वीच पाळी आली, किंवा सारे मणी संपून गेल्यावरही ती आली नाही, आणि असे वर्षातून एकदाहून अधिक वेळा घडले, तर ही माळ त्या स्त्रीच्या उपयोगाची नाही, असे माळ देतानाच तिला सांगितले जाते.